गिट, क्लार आणि दोनदा लिहिलेल्या चाचण्या

कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारं गिट हे सॉफ्टवेअर २००५ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून त्याच्या चाचण्या मुख्यतः शेल स्क्रिप्टमध्ये आहेत. आख्खा प्रोग्रॅम चालवायचा आणि आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून बघायचं. पद्धत भक्कम, त्यात वाद नाही. पण सी भाषेतलं एखादं छोटं फंक्शन तपासायचं तर त्यासाठी वेगळा मदतनीस प्रोग्रॅम लिहायचा, आणि त्यालाही शेलनेच हाक मारायची. आपल्या निडीच्या फलाटावरचा एक बल्ब लागतो का, ते पाहायला दिव्याहून रोह्याची गाडी मागवण्यासारखं!

म्हणून युनिट टेस्टिंग, म्हणजे एकेक फंक्शन सुटं तपासणं. २०२३ मध्ये बाहेरची एक तयार चौकट घ्यावी असा प्रस्ताव आला. मग तुलना झाली. लायसन्स जुळतं का, कोड आपल्याच रेपॉझिटरीत ठेवता येतो का, निकाल टॅप या नेहमीच्या साच्यात मिळतो का, वगैरे. शेवटी निवड झाली ती घरच्याच, छोट्या चौकटीची. फेब्रुवारी २०२४ च्या २.४४ आवृत्तीत ती आली. आणि ऑक्टोबरच्या २.४७ मध्ये क्लार! ही लिबगिट२ वाल्यांची, म्हणजे बाहेरचीच.

क्लार घेतली हे योग्यच झालं, असं आम्हाला वाटतं. घरच्या चौकटीत चाचणी लिहायची आणि वर मुख्य फंक्शनमध्ये तिला हाताने हाक मारायची. क्लारमध्ये फंक्शनला ठरलेल्या पद्धतीने नाव दिलं की स्क्रिप्ट ते शोधून काढते. ती मूळ स्क्रिप्ट पायथनमध्ये होती. चाचण्यांसाठी पायथन सक्तीचं नको, म्हणून गिटने ते काम ऑकमध्ये करून घेतलं. बाहेरचं आणलं, पण डोळे उघडे ठेवून.

आमची तक्रार आधीच्या निवडीबद्दल आहे. तिथे चौकट सांभाळणाऱ्याच्या सोयीला वजन जास्त मिळालं, चाचणी लिहिणाऱ्याच्या सोयीला कमी. त्याची किंमत कुणी मोजली? नवख्यांनी. २०२४ च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये जुन्या चाचण्या घरच्या चौकटीत हलवण्याचं काम दिलं गेलं. त्याच डिसेंबरपासून आउटरीचीमध्ये काम काय, तर युनिट चाचण्या क्लारमध्ये हलवा. कुणी म्हणेल, शिकण्यासाठी असं सुटसुटीत काम बरं असतं. असतंही. पण शिकणाऱ्यालासुद्धा टिकणारं काम मिळायला हवं की नको?

शिवाय चाचणी हलवणं म्हणजे नुसती नक्कल नव्हे. जुन्या चाचणीत दहा तपासण्या होत्या आणि नव्यात नऊच उरल्या, तरी निकाल हिरवाच दिसतो. गळालेली दहावी रिव्ह्यू करणाऱ्यालाच ओळीओळीने शोधावी लागते, आणि इथे ते काम दोनदा करावं लागलं.