उपचार कोणासाठी? : पॅट बार्कर यांच्या ‘रिजनरेशन’ कादंबरीचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

युद्धातून परतलेल्या सैनिकाच्या मनावरील जखमेला आज आपण ‘आघातोत्तर तणाव विकार’ म्हणतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत या विकाराची नोंद १९८० साली झाली. पहिल्या महायुद्धात अशा अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हणत. त्या काळातील उपचारांवर ब्रिटिश लेखिका पॅट बार्कर यांनी ‘रिजनरेशन’ (१९९१) ही कादंबरी लिहिली. सैनिकाला बरे करायचे ते त्याच्यासाठी की युद्धासाठी, हा तिचा मुख्य प्रश्न आहे. प्रस्तुत पाठात आपण याच प्रश्नाच्या अंगाने तिचा विचार करू.

ऐतिहासिक आधार

कादंबरी १९१७ मध्ये, एडिनबरोजवळील क्रेगलॉकहार्ट या लष्करी रुग्णालयात घडते. हे रुग्णालय अधिकाऱ्यांसाठी होते. कवी सिगफ्रिड ससून यांनी युद्ध लांबवले जात असल्याचा जाहीर निषेध केला, तेव्हा त्यांच्यावर लष्करी खटला न चालवता त्यांना येथे पाठवण्यात आले. त्यांचे डॉक्टर डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हेही वास्तवातील व्यक्ती. निलगिरीतील तोडा समाजावरील १९०६ च्या ग्रंथामुळे मानववंशशास्त्राच्या भारतीय विद्यार्थ्यांना त्यांचे नाव परिचित आहे. बिली प्रायर हे पात्र मात्र काल्पनिक आहे.

रिव्हर्स यांची पद्धत

‘झाले ते विसरा’ असा सल्ला तेव्हा रुग्णांना सर्रास दिला जाई. रिव्हर्स यांचा अनुभव वेगळा होता. दाबून ठेवलेली आठवण रात्री स्वप्नात परत येते, म्हणून रुग्णाने तिच्याकडे पाहावे आणि तिच्यातला सोसता येईल असा भाग शोधावा, असे ते मानत. त्यांनी स्वतः नोंदवलेले एक उदाहरण पाहा. एका अधिकाऱ्याला आपल्या मित्राचे छिन्नविच्छिन्न शरीर सतत दिसे. शरीराची ही अवस्थाच मित्राला क्षणात, वेदनेविना मृत्यू आल्याची खूण आहे, हे रिव्हर्स यांनी दाखवून दिले. त्यानंतर त्याची स्वप्ने सौम्य झाली.

परंतु प्रत्येक आठवणीत असा दिलासा सापडतोच असे नाही. कादंबरीतील बर्न्स स्फोटाने फेकला जाऊन कुजलेल्या प्रेतावर तोंडावर आदळला आहे. त्याला अन्न गिळता येत नाही. या अनुभवाचा कोणताही अर्थ रिव्हर्स लावू शकत नाहीत. उपचाराची ही मर्यादा लेखिका झाकत नाही, त्यामुळे कादंबरी विश्वसनीय वाटते.

येलँड प्रसंगाचे महत्त्व

कादंबरीच्या अखेरीस रिव्हर्स लंडनमध्ये डॉ. लुईस येलँड यांचे काम पाहतात. कॅलन नावाच्या साध्या शिपायाची वाचा गेली आहे. दार बंद करून, घशाला विजेचे झटके देत येलँड त्याला बोलायला लावतात. तो बोलू लागतो, पण हसतो, तेव्हा ते हसू घालवण्यासाठी पुन्हा झटका दिला जातो.

येथे सहृदय रिव्हर्स विरुद्ध क्रूर येलँड अशी सोपी मांडणी करता आली असती. लेखिका ती टाळते. त्या रात्री पडलेल्या स्वप्नात रिव्हर्स स्वतःच एका रुग्णाच्या तोंडात बळजबरीने उपकरण घालत असतात. कॅलनचे मौन हा त्याचा निषेध होता, तर ससून यांचा निषेध शब्दांत होता. एकाचे मौन विजेने मोडले आणि दुसऱ्याचे शब्द संवादाने शांत केले, पण दोघेही पुन्हा युद्धाच्या कामी आले. हे रिव्हर्स यांना कळते, तरीही अखेरीस ते ससून यांना सेवेस योग्य ठरवतात. शेवट अस्वस्थ करतो तो यामुळेच.

मर्यादा

कादंबरी मुख्यतः रिव्हर्स यांच्या नजरेतून उलगडते. त्यामुळे आठवडेच्या आठवडे ऐकून घेतले जाण्याची सवलत हुद्द्यावर अवलंबून होती, हे वास्तव काहीसे बाजूला राहते. कामगार वर्गातून अधिकारी झालेला प्रायर त्याची जाणीव करून देतो. कॅलनला मात्र एवढा अवकाश मिळत नाही. आणखी एक उणीव भारतीय वाचकाला जाणवेल. या युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक परदेशी गेले. जखमी भारतीयांवर ब्रायटनच्या राजवाड्यातही उपचार झाले. त्यांच्या मनाचे काय झाले, हे या कादंबरीच्या कक्षेबाहेर राहते.

समारोप

‘रिजनरेशन’ या शीर्षकाला रिव्हर्स यांच्या एका प्रयोगाचा संदर्भ आहे. त्यात कापलेली मज्जातंतू पुन्हा वाढताना संवेदना कशा परततात, याचा अभ्यास होता. मन बरे होतानाही वेदना परत जाणवू लागते. ज्याला पुन्हा खंदकातच जायचे आहे, त्याला अशी संवेदना परत देणे कितपत न्याय्य आहे? कादंबरी उत्तर देत नाही. मात्र सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कोणत्याही योजनेकडे पाहताना, बरा झालेला माणूस पुढे कोठे पाठवला जातो, हे विचारायला ती शिकवते.

विचारासाठी प्रश्न
१. कॅलनचे मौन हा आजार आहे की निषेध? सकारण चर्चा करा.
२. रिव्हर्स आणि येलँड यांच्या उपचारपद्धतींतील साम्य व भेद स्पष्ट करा.