घोटीव

घोटीत महामार्गाच्या कडेला एका गॅरेजच्या पत्र्याखाली ती बुलेट उभी होती. साडेतीनशेची, ओतीव लोखंडी सिलिंडरची, गिअर उजव्या पायात असलेली. इगतपुरी तालुक्यातला श्रावण म्हणजे घटकेत ऊन, घटकेत सर. नुकतीच एक सर येऊन गेली होती आणि पत्र्याच्या कडेवरून पागोळ्या गळत होत्या. मी गाडीच्या उजव्या अंगाला उकिडवा बसलो आणि टायमिंग कव्हरात बघितलं. त्यात पत्र्याची कड दिसत होती. कव्हराच्या फुगवट्यावरून ती वळत गेली होती, बारीक होत होत टोकाशी संपली होती, आणि सबंध वाटेवर एकदाही थरथरली नव्हती. पागोळ्या त्या धातूत एकेक करून मोजता येत होत्या.

इंजिनाच्या पॉलिशला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की तुझ्यात रेघ कशी दिसते. चकाकी आणणं फारसं अवघड नाही. चिंधीवर मेटल पॉलिश घेऊन पाच मिनिटं चोळलं तर जुना डबाही चकाकतो. पण त्या चकाकीत खिडकीचा गज बघा, विजेची तार बघा. ती नागमोडी दिसली तर समजावं की वर वर चोळलंय, खालचे खड्डे तसेच आहेत. रेघ अखंड दिसायला धातूचं अंग आधी एकसारखं व्हावं लागतं. चकाकी त्यानंतर येते, आणि मग ती अंगची असते.

मराठीत याला फार नेमका शब्द आहे: घोटणं. अक्षर घोटायचं, खलात मात्रा घोटायची, गळ्यात राग घोटायचा, आणि धातूही घोटायचा. ‘पॉलिश’ म्हटलं की काहीतरी वरून लावल्यासारखं वाटतं. घोटण्यात लावणं नाही. तेच ते पुन्हा पुन्हा करत जायचं, आणि आतलं असेल ते वर येऊ द्यायचं. घोटी गावात हा शब्द आठवावा हा नुसता योग, पण मला तो आवडतो.

बुलेटचं हे कव्हर अॅल्युमिनियमचं, साच्यात ओतलेलं. मद्रासला 1955 मध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली, आणि 346 सीसीचं, 70 मिलिमीटर बोअर आणि 90 मिलिमीटर स्ट्रोकचं हे लांब दमाचं इंजिन थोड्याफार फरकाने पुढे अर्धशतक बनत राहिलं. कारखान्यातून कव्हरं घोटूनच यायची. आत दातेरी चाकांची रांग असते, कॅम फिरवणारी. तेलाचे दोन पंपही याच कव्हरात बसवलेले, एक तेल पोचवणारा, दुसरा परत ओढणारा. म्हणून बाहेरचा फुगवटा मला कधी निव्वळ नक्षी वाटत नाही. आत जे फिरतंय त्याच्या अंगाअंगाने ती रेषा गेली आहे. त्याच्यामागे सुटा गिअरबॉक्स, त्यावर गिअरचा खटका आणि टाचेने दाबायचा न्यूट्रल फाइंडर. डाव्या बाजूचं प्रायमरी कव्हर तर एकाच मधल्या नटावर धरलेलं असतं, त्यामुळे घोटणाऱ्याला तिथे लांबच लांब मोकळं अंग मिळतं. उजवी बाजू तशी नाही. तिथे स्क्रू, कडा, खाचा, वळणं. कसबाची परीक्षा उजवीकडेच होते.

मिस्त्रीने हे कसं केलं असेल ते अंगावरून वाचता येतं. आधी ओतकामाचा खरबरीतपणा आणि दगडांचे टवके काढायला जाड पेपर, 120 किंवा 220 नंबरचा. मग 400, 600, 800, पुढे पाण्यात भिजवून 1200. प्रत्येक नंबरला हाताची दिशा बदलायची, आधीचे ओरखडे आडवे असतील तर आता उभं घासायचं, आणि आधीचा शेवटचा ओरखडा जाईपर्यंत पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. सगळा संयम या एका नियमात आहे. मधला एक नंबर गाळला तर त्या क्षणी काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही. बफ फिरतो, लखलखाट होतो, आणि उन्हात गाडी नेली की लखलखाटाच्या पोटात 220 चे उभे चरे दिसायला लागतात. कागद झाल्यावर मोटरवर सिसलचा बफ, मग सुती मॉप, त्यावर लस्टरचा साबण. इथे घाई केली की अॅल्युमिनियम तापतं, मऊ पडतं, बफ त्याला ओढतो आणि संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे उठतात.

तरीही माझं मन खरं जडलं ते कडांवर. बफ आंधळा असतो. त्याला सपाटी आणि कड यांतला फरक कळत नाही, कडेवर तो उलट जास्तच चावतो. म्हणून बहुतेक बफ केलेल्या इंजिनांच्या कडा मेलेल्या असतात, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारख्या. स्क्रूची भोकं नरसाळ्यासारखी पसरतात आणि स्क्रू खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो. कव्हरावर ओतलेली अक्षरं असली तर ती वितळल्यासारखी होतात. या बुलेटवर प्रत्येक भोकाचा काठ गोल आणि धारदार होता. स्क्रूचं डोकं त्याच्या जागेवर असं बसलं होतं की भोवतालची रेघ केसाएवढी एकसारखी. कव्हर आणि क्रँककेसचा सांधा बोटाला लागत होता, डोळ्याला मात्र एकच सरळ सीमा. याचा अर्थ कडांपाशी मोटर बंद झाली होती. तिथे लाकडाच्या पट्टीला कागद गुंडाळून माणसाने हाताने काम केलं होतं. मिस्त्रीला विचारलं तर तो चाकावरून मान वर न करता एवढंच म्हणाला, “भोकं हातानंच करायची दादा, नाहीतर जातात.”

जातात, हे मला माझ्या अनुभवाने माहीत आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी माझ्या गाडीचं गिअरबॉक्स कव्हर शहरातल्या एका बफिंगवाल्याकडे दिलं. दुसऱ्या दिवशी आरसा होऊन परत आलं, मी आनंदाने पैसे दिले. घरी बसवताना लक्षात आलं की सांध्याची कडच गोल झाली आहे. कव्हर आणि केसमध्ये कायमची एक चर दिसायला लागली, तिच्यात तेल आणि धूळ साचायला लागली. अॅल्युमिनियम पुन्हा वाढत नाही. ते कव्हर अजून माझ्याकडे आहे आणि अजून मला त्याचं वाईट वाटतं.

घोटी हा भाताचा मुलूख, भात गिरण्यांचं गाव. पॉलिश म्हणजे काय हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. गिरणीत तांदूळ जितका जास्त फिरवाल तितका पांढरा आणि तुकतुकीत, आणि तितकाच त्याचा कोंडा, त्याची चव, त्याचं सत्त्व निघून जातं. हातसडीच्या तांदळावर तांबूस झाक राहते ती त्याच्या अंगची. इंजिनाच्या कव्हराचंही असंच आहे. कुठे थांबायचं हे ज्याला कळलं तो कारागीर.

आता क्रोमबद्दल. गाडी प्रदर्शनात मांडायची म्हटलं की हौशी माणूस सगळंच क्रोम करायला निघतो, म्हणून यावर थोडं थांबतो. क्रोम ही वेगळीच गोष्ट आहे. लोखंडी भागावर आधी तांबं, त्यावर निकल, आणि सगळ्यात शेवटी क्रोम, असे थर विजेच्या हौदात चढतात. आपल्याला जी झळाळी दिसते ती मुख्यतः निकलची. वरचा क्रोम बहुधा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो, माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा धरा म्हणजे कल्पना येईल. निकल हवेत मळतं, पिवळं पडतं. क्रोम त्याला मळू देत नाही आणि त्याच्या ऊबदार रंगावर निळसर थंडपणा चढवतो. 1920 च्या दशकात ही सजावटीची क्रोमकला बाजारात आली. त्याआधीच्या मोटारींवर पितळ आणि निकल असायचं आणि ते रोज घासायला माणूस लागायचा.

क्रोम वाचायचा असेल तर खोबणीत डोकवा. हौदातली वीज उंचवट्यांवर धावते, खोल कोपऱ्यांत पोचत नाही. तिथे क्रोमचा थर उतरत नाही आणि निकलचा पिवळेपणा तसाच राहतो. चांगला प्लेटर भाग टांगताना त्याचा विचार करतो. आणि खालच्या धातूवरचा प्रत्येक ओरखडा क्रोम इमानाने वर दाखवतो, काही झाकत नाही. म्हणजे क्रोमच्या आधीही घोटणं आलंच. हौदातल्या क्रोमिक आम्लातला षट्संयुजी क्रोमियम माणसाला कर्करोग देऊ शकतो, त्याचं सांडपाणी नदीनाल्यात गेलं तर फार घातक. हे काम ज्याच्याकडे वाफ ओढणारी आणि पाणी शुद्ध करणारी सोय आहे त्याच्याचकडे न्यावं, दोन पैसे जास्त गेले तरी.

सायलेन्सर, हँडल, रिम, हेडलाइटची कडी हे क्रोमचं घर. तिथे तो शोभतो, कारण तिथे लोखंडाला पाऊस आणि चिखल यांपासून आडोसा हवा असतो. टायमिंग कव्हरवर क्रोम मला बघवत नाही. अॅल्युमिनियमचा पांढरा, दुधी, किंचित मऊ उजेड जातो आणि त्या जागी बाथरूमच्या नळाचा उजेड येतो. सिलिंडरच्या पंखांना (फिन्सना) तर हात लावू नये. काळा रंग उष्णता सहज बाहेर टाकतो, चकचकीत अंग ती सहज सोडत नाही. शिवाय तो काळा बॅरल मध्ये उभा असतो म्हणून शेजारचं कव्हर एवढं उजळ दिसतं. म्हैसूरच्या आयडियल जावाने हे फार सुंदर जमवलं होतं. टाकीच्या बाजूंना क्रोम आणि खाली ते अंड्यासारखं गुळगुळीत, घोटलेलं इंजिन, किक आणि गिअरचा खटका एकच. वरची थंड चमक आणि खालची ऊबदार, दोन्ही एकमेकींना जागा देऊन.

मोटारींत याचा कळस मला जॅग्वारच्या एक्सके इंजिनात दिसतो. 1948 च्या लंडनच्या प्रदर्शनात ते एक्सके 120 गाडीत आलं. इंजिन नुसतं जोरदार असून चालणार नाही, बॉनेट उघडल्यावर ते देखणं दिसलं पाहिजे, असा विल्यम लायन्स यांचा आग्रह होता. म्हणून दोन कॅमशाफ्टवर दोन लांब, घोटलेली अॅल्युमिनियमची झाकणं आणि त्यांवर घुमटीच्या नटांची रांग. आत दोन कॅम आहेत हे ती झाकणं बाहेरून सांगतात. बुगाटीची इंजिनं याहून वेगळी. तिथे सपाट चौकोनी अंगावर हाताने खरवडून बारीक छटा उमटवलेल्या, आरसा मुद्दाम टाळलेला. आपल्याकडेही पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम होतं तेव्हा तांब्यावर हातोडीचे शेकडो ठोके पडतात, आणि प्रत्येक ठोक्याची छोटी वाटी वेगळा उजेड फेकते. घासून आणलेला उजेड आणि ठोकून आणलेला उजेड, दोन्ही मला सारखेच प्रिय आहेत. दोन्हींत धातू स्वतःच बोलतो.

दिसत नाही तिथलं घोटणंही आहे. शर्यतीच्या इंजिनांत कनेक्टिंग रॉड घोटतात ते शोभेसाठी नाही. लाखो वेळा ताण पडला की भेग सुरू होते ती पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यातून, म्हणून ओरखडाच ठेवायचा नाही. त्याच रॉडला हौसेने क्रोम केलं तर उलटं होऊ शकतं. प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कणखर पोलाद ठिसूळ होतं. प्लेटिंगनंतर लगेच ठरावीक तास भट्टीत ठेवून तो हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. हेड बोल्ट आणि रॉड प्रदर्शनासाठी क्रोम करू नका.

घोटीच्या हवेत हे सगळं टिकतं का? घोटलेल्या अॅल्युमिनियमवर हवेतच एक अदृश्य थर धरतो, तो त्याचं रक्षण करतो. पण इगतपुरीकडचा पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे जाणारा. चिखल, ओल, दमट रात्री यांनी कव्हर मंद होतं, पांढरे ठिपके धरतं. काही जण वर लॅकर मारतात. लॅकर पहिल्या वर्षी बरा दिसतो, मग कडेने सुटतो, त्याखाली पाणी शिरतं आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग पसरतात. मला उघडाच धातू बरा वाटतो. चहा पिऊन परतलेला बुलेटचा मालकही तेच म्हणाला. पाऊस संपला की खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो कापडावर पॉलिश घेऊन बसतो, तास-दीड तास. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं बोट, आणि कव्हरात ते बोट पुन्हा एकदा उमटतं.

घरात वडिलांची किंवा आजोबांची जुनी बुलेट, येझदी, जावा असेल आणि ती चकचकीत करायचं मनात असेल तर एवढं ऐका. कव्हरं बफिंगला देण्याआधी प्रत्येक स्क्रूच्या भोकाचा जवळून फोटो काढून ठेवा. कडा आणि भोकं हाताने करायची हे ठरवून, बोलून, मगच काम द्या. कव्हर परत आलं की लखलखाटाकडे नंतर बघा, आधी तो फोटो समोर ठेवून भोकाचा काठ ताडून बघा.