संदेश-विनिमय आणि सिद्धता : 'पी-ए लॉजिक'चे पुनर्मूल्यमापन

समवर्ती प्रणालींचे अध्यापन बहुधा चाचणीपाशी थांबते. प्रोग्रॅम दहा वेळा चालविला, दहाही वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे तो निर्दोष, अशी विद्यार्थ्यांची (आणि खरे तर आपलीही) समजूत असते. परस्परांना संदेश पाठविणाऱ्या प्रक्रियांच्या बाबतीत ती टिकत नाही. प्रत्येकी दहा पायऱ्यांच्या दोन स्वतंत्र प्रक्रिया १,८४,७५६ क्रमांनी एकमेकींत मिसळू शकतात. दोष त्यांतील एखाद्याच क्रमात असू शकतो.

होअर यांनी १९७८ मध्ये 'सीएसपी' ही संदेश-विनिमयाची भाषा मांडली. तिच्या धर्तीवरील प्रोग्रॅमांसाठी परितोष पंड्या व माथाई जोसेफ यांनी १९९१ मध्ये 'पी-ए लॉजिक' ही सिद्धतापद्धती प्रसिद्ध केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी दोघांचाही संबंध राहिला आहे. तीत प्रत्येक प्रक्रियेविषयी दोन विधाने करावयाची असतात : परिसराविषयीचे गृहीत आणि स्वतःच्या वर्तनाची हमी.

हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात भट्टी व सरकता पट्टा यांचे दोन नियंत्रक आहेत असे समजू. पट्ट्याची हमी : एका 'पाठव' संदेशाला एकच नग. भट्टीची हमी : तो नग पोचेपर्यंत दुसरा 'पाठव' नाही. एकाची हमी हेच दुसऱ्याचे गृहीत. हा तर्कदोष वाटतो. पण तो नाही. आतापर्यंत कोणी हमी मोडली नसेल तर पुढचा संदेशही ती मोडत नाही, असे संदेशांच्या संख्येवरील विगमनाने दाखविता येते.

मात्र अशा युक्तिवादाने 'नको ते घडणार नाही' एवढेच सिद्ध होते. दोन्ही नियंत्रक मूक राहिले तरी दोन्ही हम्या अक्षरशः पाळल्या जातात, आणि कारखाना बंद पडलेला असतो. 'हवे ते घडेल' यासाठी वेगळी सिद्धता लागते. अध्यापनात हा भेद क्वचितच स्पष्ट केला जातो.

माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल सिद्धतेपेक्षा गृहीत लिहून काढण्याच्या सक्तीत आहे. नीडहॅम व श्रोडर यांचा १९७८ मधील ओळख-पडताळणीचा संकेत अनेक वर्षे निर्धोक मानला गेला. १९८९ मधील एका तर्कपद्धतीनेही त्यातील हल्ला उघड केला नाही. संवाद सुरू करणारा ज्याच्याशी बोलतो तो प्रामाणिकच असतो, हे गृहीत तीत मुरलेले होते. गॅविन लो यांनी १९९५ मध्ये ते सोडून पाहिले, तेव्हा हल्ल्याची वाट दिसली. पुढच्याच वर्षी सीएसपीवर आधारलेल्या साधनाने ती यंत्राकडून शोधवूनही दाखविली. दुरुस्ती एका शब्दाची होती : दुसऱ्या संदेशात उत्तर देणाऱ्याचे नाव घालणे.