लाबान यांच्या आठ क्रिया आणि शाळेतील नृत्य

रूडॉल्फ लाबान यांचा ‘मॉडर्न एज्युकेशनल डान्स’ हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील शालेय नृत्याच्या इतिहासाचा विचार त्यास वगळून करता येत नाही. नृत्यशिक्षणाचे पुरस्कर्ते या ग्रंथाकडे बहुधा मुक्त आविष्काराची सनद म्हणून पाहतात. तथापि त्याचे खरे बळ आविष्काराच्या गौरवात नसून विश्लेषणाच्या पद्धतीत आहे, आणि ती पद्धत भाषाभ्यासकास ओळखीची वाटावी अशी आहे.

लाबान यांनी हालचालीच्या मुळाशी काही द्वंद्वे मानली. भार जोरकस किंवा हलका, काल आकस्मिक किंवा सावकाश, अवकाशातील मार्ग थेट किंवा वळणदार. या तिहींच्या संयोगातून आठ मूलक्रिया सिद्ध होतात : ठोसणे, दाबणे, पिळणे, सपकारणे, टिपणे, झटकणे, सरकणे आणि तरंगणे. (प्रवाहाचे चौथे द्वंद्व या आठांच्या बाहेर राहते.) ठोसणे व टिपणे यांत भेद केवळ भाराचा, ठोसणे व दाबणे यांत केवळ कालाचा, ठोसणे व सपकारणे यांत केवळ मार्गाचा. ‘प’ आणि ‘ब’ एका घोषत्वाने वेगळे होतात, तसाच हा प्रकार होय. नावेही कलामंदिरातील नव्हेत, श्रमाच्या जगातील आहेत, एफ. सी. लॉरेन्स यांच्यासह १९४७ साली लिहिलेल्या ‘एफर्ट’ या ग्रंथाचा विषय कारखान्यातील कामगारांच्या हालचाली हाच होता.

या विश्लेषणाचा एक परिणाम लाबान यांच्या अनेक अनुयायांपेक्षाही दूरगामी आहे. येथे घटक अवयवाशी बांधलेला नाही. नाट्यशास्त्रातील १०८ करणांत हात व पाय यांची स्थिती सांगितलेली असते. ज्याचा पाय उचलत नाही त्याच्यासाठी ते करण नाहीच. (हा त्या शास्त्राचा दोष नव्हे, त्याचे प्रयोजन रंगभूमीचे आहे.) उलट ‘दाबणे’ तळहाताने होते, पाठीने होते, चाकांच्या खुर्चीत बसून खांद्यानेही होते, आणि तरीही ते दाबणेच राहते. लाबान यांच्या शिष्या व्हेरोनिका शेरबोर्न यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसमवेत नेमके हेच सूत्र कामास लावले. एकाने खडकासारखे घट्ट बसावे, दुसऱ्याने त्यास ढकलून पाहावे, अशा साध्या खेळांतून त्या बळाची व विश्वासाची जाणीव घडवीत. त्यांचा ग्रंथ १९९० साली निघाला. सर्वसमावेशक नृत्याविषयीच्या पुष्कळ घोषणांपेक्षा त्यातील एक खडक अधिक बोलतो.

परंतु येथेच थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लाबान १९३० ते १९३४ या काळात बर्लिनच्या सरकारी ऑपेराचे नृत्यप्रमुख होते, आणि १९३३ साली तेथील बालवर्गातून ‘अनार्य’ ठरविलेली मुले वगळली गेली. पुढे १९३६ साली गोबेल्सने त्यांचे ऑलिंपिक-प्रसंगीचे समूहनृत्य रद्द करविले; १९३८ साली ते इंग्लंडला पोचले. ही हकीकत केवळ चरित्राची म्हणून बाजूस सारता येत नाही. समूहाने एका लयीत हालण्याचा आनंद त्या वर्गातही शिल्लक राहिला असेल. पण दाराशी कोणास अडवावे, हे ती लय ठरवीत नव्हती. नृत्य स्वभावतःच सर्वांस सामावून घेते, हे विधान म्हणून टिकत नाही. नृत्याची एखादी मांडणी सामावून घेणे शक्य करते, इतकेच म्हणता येते.

स्वास्थ्याविषयीचा ग्रंथातील युक्तिवाद त्याहून दुबळा आहे. मुलाच्या हालचालीतील असमतोल ज्या मोजपट्टीने ठरवायचा, त्याच मोजपट्टीने उपायही ठरतो आणि यशही. व्याकरण सुधारले म्हणून बोलणारा सुखी झाला, असे कोणी वैयाकरण म्हणत नाही.

पुढे इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात नृत्य शारीरिक शिक्षणाखाली गेले. जॅकलिन स्मिथ-ऑटर्ड यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात रचना व सादरीकरण यांच्या जोडीस आस्वाद हे तिसरे अंग धरले. ज्या मुलास त्या दिवशी हालता येत नाही, किंवा हालावेसे वाटत नाही, त्यासही पाहण्याचे व पाहिलेले सांगण्याचे काम त्यामुळे वर्गात उरते. लाबान यांच्या कोष्टकात या मुलासाठी रकाना नाही.