सेवा कोण कोणाची करतं?

धर्म आणि शेजार या विषयावर बोलताना आज आपण एक चित्रपट समोर ठेवू या. 'द अदर साइड ऑफ हेवन', साल २००१, दिग्दर्शक मिच डेव्हिस. ज्यांनी पाहिला नसेल त्यांचं काही अडणार नाही, कथा सरळ आहे. अमेरिकेतल्या आयडाहोचा एक तरुण, जॉन ग्रोबर्ग, १९५०च्या दशकात कॉलेज आणि प्रेयसी मागे ठेवून मॉर्मन मिशनरी म्हणून टोंगाला जातो. निउआटोपुटापू नावाच्या दूरच्या बेटावर राहतो, भाषा शिकतो, वादळ आणि उपासमार सोसतो, लोकांची मनं जिंकतो आणि परत येऊन लग्न करतो. ग्रोबर्ग ही खरी व्यक्ती. त्यांच्याच आठवणींवर चित्रपट बेतलेला आहे.

आमचं मत आधीच सांगतो. चित्रपट प्रामाणिक आहे, पण त्याच्या कथेत जी सर्वांत मोलाची गोष्ट आहे, ती त्याला पुरती उमगलेली नाही.

थोडी पार्श्वभूमी हवी. मॉर्मन पंथात तरुणांनी ऐन उमेदीचा काळ मिशनसाठी द्यायचा असतो. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्षं. २०१२ साली मुलग्यांसाठी किमान वय अठरा आणि मुलींसाठी एकोणीस करण्यात आलं होतं. पगार नाही, उलट खर्च स्वतःचा, घरच्यांचा. कुठे जायचं हे चर्च ठरवतं. सोबतीला कायम एक जोडीदार. २०१९पर्यंत घरी फोन करायचा तो वर्षातून दोनदाच. एरवी पत्रं, पुढे ई-मेल. म्हणजे ज्या वयात आपली मुलं प्रवेशपरीक्षांच्या रांगेत असतात, त्या वयात ही मुलं परक्या गावात दारं ठोठावत असतात. त्यांची थट्टा करणं सोपं आहे, पुष्कळांनी केलीही आहे. आपण तो सोपा मार्ग घ्यायचा नाही.

आता मूळ प्रश्न. या मुलांना दोन कामं सांगितलेली असतात: शेजाऱ्याची सेवा करायची आणि त्याला आपला विश्वास सांगायचा. ही दोन्ही कामं एका हातानं करता येतात का? मी तुमच्या शेतात राबलो आणि संध्याकाळी तुमच्या हातात पुस्तक ठेवलं, तर माझं राबणं सेवा होती की आगाऊ हप्ता? कांट म्हणेल, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. गांधीजींनी मिशनऱ्यांना हेच विचारलं होतं: दवाखाना आणि शाळा चालवता, तर त्यामागे धर्मांतराचा हेतू कशाला ठेवता? प्रश्न रास्त आहे. पण त्याची दुसरी बाजूही बघा. जी गोष्ट मला प्राणापलीकडे मोलाची वाटते, ती शेजाऱ्यापासून लपवून मी त्याच्यावर प्रेम कसं करणार? गप्प बसणं हासुद्धा कधी कधी तुच्छतेचाच प्रकार असतो.

चित्रपट हा पेच कसा सोडवतो? खरं तर सोडवत नाही, टाळतो. एक मुलगा झाडावरून पडतो. त्याचं निपचित शरीर लोक ग्रोबर्गकडे आणतात, तो प्रार्थना करतो, मुलगा जगतो. कथेच्या रचनेत हा प्रसंग किल्लीसारखा येतो: सेवा झाली, दार उघडलं. आणि दार उघडल्यावर आत काय सांगितलं? ते जवळपास ऐकूच येत नाही. मॉर्मन पंथाची जी खास शिकवण आहे, तिला चित्रपटात फारच थोडी जागा आहे. सर्वसामान्य प्रेक्षक बिचकू नये म्हणून असेल, पण परिणाम असा होतो की विश्वास सांगायला गेलेला माणूस पडद्यावर विश्वास सांगतच नाही. तो फक्त चांगला मुलगा असतो.

हे इथे विशेष खटकतं, कारण टोंगा काही ख्रिस्त न ऐकलेला देश नव्हता. वेस्लियन मिशनरी तिथे १८२०च्या दशकातच आले होते आणि राजा पहिला टुपू यानं १८३१ साली बाप्तिस्मा घेतला होता. मॉर्मन आले १८९१ साली. म्हणजे ग्रोबर्ग ज्यांच्या दाराशी गेले, ती घरं पिढ्यान्‌पिढ्या चर्चमध्ये जाणारी होती. त्यांना नवं असं नेमकं काय द्यायचं होतं? स्थानिक पाद्री या पोराला विरोध करतो, तो निव्वळ आडमुठेपणानं नव्हे. त्याचा कळप कोणीतरी फोडू पाहतंय. त्या पाद्र्याची बाजू पुरेशा गांभीर्यानं मांडली असती, तर हा चित्रपट मोठा झाला असता.

आता आम्हांला मोलाचं काय वाटतं, ते सांगतो. पडद्यावर कोण कोणाची सेवा करतंय, ते नीट मोजा. ग्रोबर्ग टोंगन शिकतात ते इंग्रजी आणि टोंगन बायबल शेजारी शेजारी ठेवून. ते टोंगन बायबल मुळात कोणाची कमाई? आधी आलेल्या मिशनऱ्यांची, म्हणजे ज्यांच्या कळपातून माणसं घ्यायची, त्यांचीच. रात्री उंदीर या पोराचे तळपाय कुरतडतात, चालता येत नाही, तेव्हा त्याला सांभाळतात ते इतर लोक. वादळानंतर अन्न संपतं, तेव्हा सगळं बेट एकत्र उपाशी असतं. आणि फेकी, त्याचा टोंगन जोडीदार! भाषा, रीत, समुद्र, माणसं, सगळं त्याच्याच आधारानं चालतं. पण फेकीचं मन काय म्हणतं, हे आपल्याला फारसं कळत नाही. पत्रं ग्रोबर्गची, निवेदन ग्रोबर्गचं.

याच काळातली एक आठवण ग्रोबर्ग यांनी पुढे आपल्या लोकांना सांगितली होती. समुद्रात वारा पडला, शीड लोंबलं, आणि पलीकडे लोक त्यांची वाट पाहत होते. वाऱ्यासाठी प्रार्थना झाली, वारा आला नाही. तेव्हा एक वयस्कर माणूस उठला, त्यानं लहान होडी पाण्यात सोडली आणि या तरुणाला वल्हवत किनाऱ्याला नेलं. आमच्या मते या साऱ्या मिशनचं सार त्या होडीत आहे. प्रार्थनेचं उत्तर वाऱ्यात नव्हतं, शेजाऱ्याच्या दंडांत होतं. आणि विश्वास सांगायला निघालेला माणूस त्या घटकेला नुसता बसून होता.

बायबलातली चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आठवा. माझा शेजारी कोण, असं एक शास्त्री विचारतो. त्याला वाटतं, मदत कोणाला करायची याची यादी मिळेल. येशू गोष्ट उलटी फिरवतो: वाटेवर जखमी पडलेल्याला ज्यानं उचललं, तो परका माणूस शेजारी ठरतो. मिशनरी स्वतःला नेहमी त्या उचलणाऱ्याच्या जागी पाहतो. टोंगात ग्रोबर्ग बऱ्याचदा जखमीच्या जागी होते, आणि तिथेच ते खरे शेजारी झाले.

आपल्याकडेही याची खूण सापडते. फादर स्टीफन्स गोव्यात आले, त्यांनी १६१६ साली ओवीत 'क्रिस्तपुराण' छापलं. त्यांचा हेतू प्रचाराचाच होता, तो लपवण्याचं कारण नाही. पण मराठीत सांगायचं तर आधी मराठीचं शिष्यत्व पत्करावं लागलं. ओवी त्यांना इथल्या लोकांनी दिली.

तेव्हा निकष असा: सांगणारा घेऊही शकतो का? शेजाऱ्याचं अन्न, त्याची भाषा, त्याचा नकारसुद्धा? नकार मिळाल्यावरही जो दुसऱ्या दिवशी शेतात राबायला येतो, त्याची सेवा खरी. होकार मिळाल्यावर ज्याचं येणं थांबतं, त्याची नाही. आज टोंगात पाचांतला सुमारे एक माणूस मॉर्मन आहे. हे यश चित्रपटाला ग्रोबर्गसारख्यांचं वाटतं. आम्हांला त्यात फेकीसारख्यांचा वाटा फार मोठा दिसतो, आणि तो अजून कोणी नीट पडद्यावर आणलेला नाही.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.