मोडकळलेले देऊळ आणि दारातला थोरला भाऊ : सुबत्तेच्या काळातील अनुतापाचे वाचन

वसईच्या किल्ल्यात शिरले की छप्पर हरवलेली प्रार्थनामंदिरे एकामागून एक दिसू लागतात. कमानी उभ्या आहेत, भिंतींतून वडा-पिंपळाची मुळे उतरली आहेत आणि जमिनीवरच्या थडग्यांच्या शिळांवरील पोर्तुगीज अक्षरे पायांनी झिजली आहेत. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने हा किल्ला जिंकला आणि त्यानंतर येथील बहुतेक वास्तू हळूहळू ओस पडल्या. या पडझडीचे कारण इतिहासाला ठाऊक आहे : युद्ध झाले, सत्ता बदलली, माणसे निघून गेली. मात्र कोणतेही युद्ध न होता, माणसे तेथेच राहत असताना, देवाशी असलेले नाते ओस पडते तेव्हा त्याची कारणमीमांसा इतकी सोपी राहत नाही. मराठी भक्तिवाङ्मयाने या दुसऱ्या प्रकारच्या पडझडीचा विचार कसा केला आहे आणि तो आजच्या वसई-विरार परिसरातील वाचकाला कितपत पुरतो, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या विषयाचा विचार करताना पहिला आधार तुकोबांच्या आत्मचरित्रपर अभंगाचा घ्यावा लागतो. संतांनी विचारले म्हणून, स्वतःविषयी बोलू नये हे ठाऊक असूनही, आपण बोलत आहोत, अशा संकोचाने तुकोबा आरंभ करतात. नंतर जे येते ते आपल्या वाङ्मयातील आत्मकथनाचे एक विलक्षण उदाहरण आहे. जात, पिढीजात व्यवसाय, कुळात चालत आलेली देवाची पूजा; मग आईवडिलांचा मृत्यू, दुष्काळ, द्रव्य आणि मान दोन्हींचा नाश, अन्नासाठी तळमळत मेलेली पत्नी, व्यवसायातील तूट आणि लाज. येथवरची हकीकत कोणाही बुडालेल्या वाण्याची असू शकेल. वळण येते ते पुढे. देवाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते दुरुस्त करावे असे चित्ताला वाटले, एवढेच ते सांगतात.

या विधानाचे महत्त्व अभ्यासकांनी पुरेसे ओळखलेले नाही असे मला वाटते. सदानंद मोरे यांच्या 'तुकाराम दर्शन' (१९९६) या ग्रंथाने तुकोबांना महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासाच्या मध्यभागी आणून ठेवले. या अभंगाचे सामाजिक वाचनही विपुल झाले आहे आणि ते योग्यच आहे. आपली जात पहिल्याच श्वासात सांगणारा कवी त्या वाचनाला स्वतःच आमंत्रण देतो. परंतु अभंगातील क्रियापदांचा क्रम पाहिला तर आणखी काही हाती लागते. लाज वाटल्यानंतर तुकोबा रडत नाहीत, साक्षात्काराची वाट पाहत नाहीत. ते मोडलेल्या भिंतीकडे वळतात. त्यानंतर एकादशीला कीर्तन करू लागतात आणि येथे एक प्रांजळ कबुली देतात : आरंभी चित्ताला त्याचा अभ्यास नव्हता. मग संतांची वचने पाठ करणे, पुढे गाणाऱ्याच्या मागे ध्रुपद धरणे, देह कष्टवून इतरांच्या उपयोगी पडणे. स्वप्नातील गुरूपदेश आणि कवित्वाची स्फूर्ती या सगळ्याच्या पुष्कळ नंतर येतात.

तात्पर्य असे की तुकोबांच्या लेखी भाव ही परतीची पूर्वअट नाही. दुरुस्तीचे काम आधी, पाठांतर आधी, दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळणे आधी. मन मागाहून येते. 'मनापासून वाटत नाही म्हणून करत नाही' या आजच्या प्रामाणिकपणाच्या कल्पनेला हा क्रम अडचणीचा आहे. न वाटता केलेली प्रार्थना आपल्याला ढोंग वाटते. तुकोबांना ती शिकाऊपणा वाटते. या दोन दृष्टींत मोठे अंतर आहे.

समर्थ रामदासांच्या करुणाष्टकांशी तुलना केली म्हणजे हा विशेष अधिक उठून दिसतो. करुणाष्टकांत अनुताप हा आरंभ आहे, मध्य आहे आणि बहुधा शेवटही. मनाची चंचलता, आप्तस्वकीय आणि वैभव यांची निरर्थकता आणि देवानेच आता धावून यावे ही विनवणी यांची आवर्तने तेथे होतात. त्या आर्ततेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण मालिनी वृत्ताचा तो प्रवाही डौल पश्चात्तापाला फार सुखद करून टाकतो, हेही नोंदवले पाहिजे. दिवेलागणीला घरोघर मुलांनी एका चालीत म्हटलेली करुणाष्टके ज्यांनी ऐकली आहेत त्यांना ही गोष्ट पटेल; आम्ही स्वतः लहानपणी तो अनुताप जेवणाच्या ताटाकडे लक्ष ठेवून व्यक्त करीत असू. अर्थात येथेही तुकोबांचाच न्याय लावला तर ते पाठांतर व्यर्थ गेले असे म्हणता येणार नाही.

आता या परिसरातील दुसऱ्या परंपरेकडे वळू. वसईच्या ख्रिस्ती समाजाची उपासना मराठीत चालते आणि येथील बोलीत 'देऊळ' हा शब्द चर्चसाठीही कानावर येतो. विरारजवळच्या नंदाखाल येथे जन्मलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' (२०१०) सिद्ध केले आणि २०१३ साली त्यास साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. देवाशी तुटलेल्या नात्याची बायबलमधील सर्वांत परिचित कथा म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त. कथा सर्वज्ञात असल्याने ती येथे सांगत नाही. तिच्या बांधणीतील काही गोष्टींकडे मात्र लक्ष वेधतो.

धाकटा मुलगा भानावर येतो ते त्या देशात मोठा दुष्काळ पडल्यावर. मूळ ग्रीक शब्दप्रयोगाचा अर्थ 'तो स्वतःकडे आला' असा आहे. बापाकडे येण्याआधी त्याला स्वतःकडे यावे लागते. बापापुढे म्हणायचे भाषण तो तयार करतो : मी पाप केले आहे, पुत्र म्हणवून घेण्यास योग्य नाही, मला एका मजुरासारखे ठेवा. प्रत्यक्षात बाप दुरूनच त्याला पाहून धावत येतो आणि भाषणातील शेवटचे वाक्य उच्चारले जाण्यापूर्वीच चाकरांना अंगरखा आणायला सांगतो. मजुरीची विनंती ओठांवरच राहते. कथनकौशल्याच्या दृष्टीने हा अत्यंत सूक्ष्म भाग आहे. नात्याच्या जागी कराराची भाषा येऊ पाहते आणि बाप ती येऊ देत नाही.

देहूचा वाणी आणि दृष्टान्तातील धाकटा या दोघांनाही दुष्काळाने परत आणले. परतीचे बहुतेक वाङ्मय असेच दुष्काळ गृहीत धरते. काही हरवते, कोणी मरते, धंदा बुडतो, आणि मग माणूस मागे वळून पाहतो. ज्याचे काहीच बुडालेले नाही, उलट वाढतच चालले आहे, त्याने परत कसे यावे? वसई-विरारच्या संदर्भात हा प्रश्न टाळता येत नाही. १९८८ नंतर येथील जमिनी विकासासाठी खुल्या झाल्या आणि भातशेती, केळीच्या बागा, पानवेलींच्या वाड्या यांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात आला. एका पिढीने विहिरीवरच्या रहाटापासून बहुमजली इमारतीपर्यंतचा प्रवास केला. बाहेरून आलेल्यांची पिढी पहाटेच्या लोकलने चर्चगेटला जाते आणि रात्री परतते. येथे देवाकडे पाठ फिरवून कोणी दूर देशी गेलेले नाही. निर्मळची यात्रा भरते, जीवदानीच्या पायऱ्या गर्दीने फुलतात, रविवारच्या मिस्साला बसायला जागा मिळत नाही. उपेक्षा असेल तर ती घरात राहून होणारी उपेक्षा आहे.

आणि घरात राहून होणाऱ्या उपेक्षेचे चित्र त्याच दृष्टान्तात आहे, फक्त आपण तेथवर वाचत नाही. थोरला भाऊ शेतातून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो, आत जायला नकार देतो. त्याची तक्रार नीट ऐकण्यासारखी आहे. इतकी वर्षे मी गुलामासारखा राबलो, असे तो म्हणतो. मूळातील क्रियापदाला गुलामगिरीचाच अर्थ आहे. म्हणजे धाकट्याला जी मजुराची जागा मागू दिली गेली नाही, तीच थोरल्याने मनोमन कधीची स्वीकारली आहे. धाकट्याचा उल्लेख तो 'तुमचा मुलगा' असा करतो. बाप उत्तरात 'तुझा भाऊ' म्हणतो. एका सर्वनामात कथेचा सारा ताण आहे. थोरला कधीच दूर गेला नव्हता, म्हणून परत येणे म्हणजे काय हे त्याला कळत नाही. प्रवचनांत आणि वर्गांतही हा भाग घाईने उरकला जातो. उधळपट्टी, डुकरे, मिठी यांचे चित्र सोपे आहे. कष्टाळू, आज्ञाधारक, रागावलेल्या मुलाचे चित्र श्रोत्यांच्या फार जवळ येते, हे त्याचे कारण असावे.

थोरल्याच्या जागी उभे राहून परतलेला माणूस मराठी वाङ्मयात शोधायचा तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव घ्यावे लागेल. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ही त्यांच्या चरित्रातील ठळक घटना मानली जाते. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे त्या घटनेने घरात काय उलथापालथ झाली हेही आपल्याला ठाऊक आहे. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने १९१७ हे वर्ष अधिक बोलके आहे. वीस वर्षांहून अधिक काळ मिशनचे काम करून, 'ज्ञानोदया'त लिहून, आजही गायिली जाणारी भक्तिगीते रचून झाल्यावर टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत ही त्यांची कल्पना होती. त्यांच्यावर कोणताही दुष्काळ कोसळला नव्हता. देवाचे काम आणि देवाशी असलेले नाते यांत पगारी चाकरी आड येते आहे, असा या पावलाचा अर्थ मी लावतो. दोन वर्षांतच, १९१९ मध्ये, ते वारले. दरबार फार वाढला नाही आणि संस्थात्मक दृष्टीने पाहणारे चरित्रकार त्या प्रयोगाला अपयश म्हणू शकतात. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. या शेवटच्या पावलात तो पूल पुन्हा दिसतो. तुकोबांनी संसारातील धन्याची चाकरी सोडली, टिळकांनी धर्मातील धन्याची. दुसरे अधिक अवघड असते, कारण ते सोडताना आपण काही चांगले सोडतो आहोत असे सर्वांना, स्वतःलाही, वाटत असते.

दिब्रिटो यांच्याविषयी याच अंगाने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत एक धर्मगुरू जमीन, झाडे आणि टँकरने उपसल्या जाणाऱ्या विहिरींच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरला, तेव्हा हे देवाचे काम आहे की राजकारण, अशी चर्चा झाली. देवाने दिलेल्या भूमीकडे दुर्लक्ष करून देवाकडे लक्ष देता येते का, हा प्रश्न त्या कृतीत होता. मोडलेल्या देवळाच्या डागडुजीला हात घालणारे तुकोबा येथे आठवतात. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या दिब्रिटोंचे २०२४ च्या जुलैमध्ये निधन झाले. त्यांच्या लेखनाची समीक्षा अनुवादकार्याच्या गौरवापलीकडे अद्याप फारशी गेलेली नाही.

आपल्या अभ्यासक्रमांत संतवाङ्मय एका पत्रिकेत, ख्रिस्ती मराठी वाङ्मय आढळलेच तर 'इतर प्रवाह' म्हणून दुसऱ्या पत्रिकेत शिकवले जाते. तुकोबांचा तो अभंग आणि लूकचा तो अध्याय एकाच तासाला शेजारी ठेवून वाचला तर विद्यार्थी काय विचारतात, हे पाहण्यासारखे आहे. माझ्या वर्गात एकाने विचारले होते की शेवटी थोरला आत गेला की नाही. कथा ते सांगत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आत वाद्ये वाजत राहतात आणि लूक तेथेच थांबतो.