अग्निरेखा आणि प्रमाण

अवकाशयानांतून घेतलेल्या चित्रफितींत अधूनमधून अनोळखी प्रकाशबिंदू दिसतात. ते परग्रहावरील यानांचे की मानवनिर्मित कचऱ्याचे, हा वाद वरवर पाहता भौतिकशास्त्राचा वाटतो; वस्तुतः तो प्रमाणशास्त्राचा आहे. काय दिसले याविषयी उभय पक्षांत फारसा मतभेद नसतो. दिसले त्यावरून काय अनुमानावे आणि त्या अनुमानाला कोणती कसोटी लावावी, हाच खरा प्रश्न असतो.

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यावर रात्री उभ्या असलेल्या माणसाची कल्पना करावी. रस्त्यावरून येणाऱ्या मोटारीचे अंतर त्याला अचूक कळते; कारण दिव्यांच्या जोडीतील अंतर, रस्त्याचा उतार, कडेची झाडे ही सारी परिचित मापे त्याच्या नजरेच्या मदतीला असतात. तीच नजर आकाशाकडे वळली की ही मापे नाहीशी होतात. जवळचा काजवा आणि दूरचा तारा यांत भेद करावयास केवळ तेज पुरत नाही. एकाच कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रफितीची स्थिती अशीच असते. अंतर ठाऊक नसेल तर आकार काढता येत नाही आणि वेगही काढता येत नाही. ‘प्रचंड वेग’ हा शब्द ज्या क्षणी उच्चारला जातो, त्या क्षणी अंतर आधीच गृहीत धरले गेलेले असते.

‘डिस्कव्हरी’ यानाच्या सप्टेंबर १९९१ मधील चित्रफितीवरून झालेला वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या चित्रफितीत एक प्रकाशबिंदू क्षणिक चमकेनंतर अकस्मात दिशा बदलतो. तो बिंदू दूरचे यान मानणाऱ्यांना त्यात हेतुपूर्वक घेतलेली हुलकावणी दिसली. जॅक कॅशर या भौतिकशास्त्रज्ञाने हिमकणांची उपपत्ती अमान्य केली. उलटपक्षी, उड्डाण-नियंत्रण केंद्रात काम केलेले जेम्स ओबर्ग यांनी ती चमक यानाचे स्थैर्य राखणाऱ्या लहान अग्निबाणाची असून, तिच्या झोताने जवळचे हिमकण ढकलले गेले, असे प्रतिपादन केले. दुसऱ्या उपपत्तीचे बळ ती ‘साधी’ आहे यात नाही. अग्निबाण केव्हा पेटला याची नोंद तपासता येते, आणि नोंद विरुद्ध गेली तर ही उपपत्ती कोसळते. हे तिचे बळ आहे.

अशा कसोटीचा नमुना त्यापूर्वी तीस वर्षे घालून दिला गेला होता. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांना यानाभोवती काजव्यांसारखे असंख्य तेजःकण दिसले. पुढे २४ मे रोजी स्कॉट कार्पेंटर यांनी आपल्या यानाला आतून ठोकून पाहिले आणि कणांचा नवा थवा बाहेर उडाला. यानाच्या पृष्ठभागावर साचलेल्या हिमाचे ते कण होते. हाताच्या एका ठोक्याने जे साधले, ते शेकडो पृष्ठांच्या वादाने साधले नसते.

महाराष्ट्राला हा प्रश्न २ एप्रिल २०२२ रोजी, नेमक्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, प्रत्यक्ष भेटला. विदर्भ-मराठवाड्याच्या आकाशातून जळते तुकडे ओळीने सरकताना हजारोंनी पाहिले. उल्का, विमान, परग्रहवासी असे सर्व तर्क झाले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे एक मोठे कडे पडलेले आढळले, तेव्हा वस्तू मानवनिर्मित आहे हे निश्चित झाले. येथे पुष्कळांचे समाधान झाले. चिकित्सकाचे होऊ नये. त्याच दिवशी न्यूझीलंडमधून एक अग्निबाण सुटला होता. केवळ दिवस जुळला म्हणून प्रथम त्याच्याकडे बोट दाखविले गेले. पुढे जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने दाखविले की, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या ‘चांग झेंग ३ बी’ या चिनी अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणे अपेक्षित होते आणि त्याचा मार्ग दिसलेल्या अग्निरेखेशी जुळत होता. म्हणजे ‘कचरा’ हे उत्तर बरोबर असूनही ‘कोणता कचरा’ याचे पहिले उत्तर चुकीचे होते.

हा भेद केवळ पंडिती नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने भूपृष्ठावर हानी केली, तर प्रक्षेपण करणारे राष्ट्र, त्याचा दोष असो वा नसो, भरपाईस बांधलेले असते. १९७८ मध्ये अणुभट्टीसह कॅनडात कोसळलेल्या ‘कॉसमॉस ९५४’ या उपग्रहाबद्दल सोव्हिएत संघाने १९८१ मध्ये तीस लक्ष कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. उपग्रह कोणाचा हे सिद्ध झाले नसते, तर मागणी कोणाकडे करावयाची? परग्रहवासी उत्तरदायी नसतात. आणि ‘काहीतरी कचरा असेल’ असे म्हणून प्रकरण मिटविले, तर त्याचा मालकही तितकाच सहज निसटतो. शेतात कडे पडलेल्या गावाच्या दृष्टीने दोन्ही उत्तरांचे फळ एकच.

परग्रहीय शक्यतेचा विचारच त्याज्य, असा मात्र याचा अर्थ नव्हे. जयंत नारळीकर यांनी पृथ्वीबाह्य सूक्ष्मजीवांची शक्यता गांभीर्याने घेतली आणि ती प्रयोगाच्या हवाली केली. २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले. त्यांत तीन नव्या जिवाणू-जाती आढळल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. तथापि त्या पृथ्वीबाहेरच्याच आहेत हे त्यामुळे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असेही त्याच वेळी नमूद करण्यात आले. धाडसी कल्पना आणि संयत निष्कर्ष यांत विरोध नाही, याचा हा पुरावा होय.

रज्जुसर्पाच्या प्राचीन दृष्टांतात भ्रम नाहीसा होतो तो ‘हा सर्प नव्हे’ या उद्गाराने नव्हे, तर दोरी प्रत्यक्ष ओळखू आल्याने. चित्रफितींच्या वादात भोळ्या श्रद्धेचा दोष सर्वांना दिसतो. दोरी न पाहताच सर्प नाकारणाऱ्या शहाणपणाचा दोषही तितक्याच कठोरपणे दाखविला गेला पाहिजे.